सॉफ्ट कोरल मिटलंय, झडतंय, वितळतंय: पुण्यातल्या खाऱ्या टाकीची तपासणी कुठून सुरू करायची

पुण्यातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाक्यांमधली सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली मऊ प्रवाळं, रोगानं क्वचित मरतात. त्यांना बाधतं ते आपण रोज वरून ओततो ते पाणी, एप्रिल-मेची दुपार आणि घाबरून केलेले उपचार. कोरल मिटलेलं दिसलं की आयोडीनचे थेंब, ट्रेस एलिमेंट्सची बाटली, दिव्याची नवी सेटिंग आणि जागाबदल हे सगळं एकाच रविवारी उरकलं जातं. पुढच्या रविवारी ते आणखी आक्रसलेलं असतं आणि नक्की काय बाधलं हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून हातात काही घेण्याआधी खालच्या क्रमानं जा. बाटल्या तूर्त कपाटात राहू द्या.

पहिली पायरी: ते खरंच आजारी आहे का?

टोडस्टूल लेदर, म्हणजे सार्कोफायटन, घरी आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी घाबरवतं. छत्री मिटते, पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत जातात, वर मेणासारखा चकचकीत थर येतो आणि आठवडाभर, कधी दोन आठवडे ते तसंच ढिम्म बसून राहतं. त्याची ही कात टाकायची पद्धत आहे. अंगावर साचलेलं शेवाळ, गाळ आणि जिवाणू घेऊन तो थर सोलून निघतो. या काळात ब्रश फिरवू नका, नखानं थर काढायला जाऊ नका. पंपाचं तोंड थोडं वळवून त्याच्या अंगावरून प्रवाह वाढवा, एवढं पुरे. सिन्युलेरिया आणि लोबोफायटम ही इतर लेदर कोरलंही हेच करतात. केनिया ट्री फांद्या टाकतं ते आजारपण नाही, त्याची वाढच तशी होते. ग्रीन स्टार पॉलिपला धक्का लागला तर दोन-तीन दिवस नुसती जांभळी चटई दिसते. रात्री तर बहुतेक सगळीच मिटतात, त्यामुळे निदान करायचं ते दिवे लागून दोनेक तास झाल्यावर. मुंबईहून पिशवीतून आलेल्या नव्या कोरलला पंधरा दिवस द्या आणि तोवर त्याची जागा बदलू नका.

खरं दुखणं वेगळं दिसतं. छत्रीच्या कडेला किंवा देठाच्या बुडाशी तपकिरी-काळा, खचलेला डाग पडतो. तो भाग लिबलिबीत होतो, पाण्यात त्याचे धागे सुटतात. निरोगी लेदरलाही उग्र वास असतोच, पण सडल्याचा वास आला की शंका उरत नाही. असं काही दिसलं तर मधल्या पायऱ्या सोडून सरळ कापण्याच्या भागाकडे जा, कारण लहान टाकीत सडणारं एक मोठं लेदर अमोनिया वाढवून इतरांनाही सोबत नेतं.

आता सगळ्यात उपयोगी प्रश्न: एकच मिटलंय की सगळी? एकच असेल तर जागा, शेजारी, मासा किंवा कीड बघा. सगळी एकदम मिटली असतील तर पाणी, तापमान, दिवा किंवा विष. या एका प्रश्नानं निम्मं काम होतं, तरी तो विचारला जात नाही.

दुसरी पायरी: खारटपणा, आणि तो मोजणारं यंत्र

काटा हलणारा स्वस्त हायड्रोमीटर वापरत असाल तर तो आधी बाजूला ठेवा. काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो आणि चूक प्रत्येक वेळी वेगळी असते. प्रकाशाच्या वळण्यावरून खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तोही नुसत्या साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ पीपीटीच्या (पीपीटी हे खारटपणाचं माप) आसपास चुकू शकतं. त्यासाठी घरीच द्रावण करता येतं: ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. स्वयंपाकघरातलं साधं मीठ चालतं, वजन मात्र दशांश दाखवणाऱ्या काट्यावर करा. या द्रावणावर यंत्रात ३५ पीपीटी दिसायला हवं, नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा.

टाकीत ३५ पीपीटी, म्हणजे २५ अंशांना सुमारे १.०२६ सापेक्ष घनता, हे लक्ष्य ठेवा. ३३ किंवा ३६ ला कुणी मरत नाही. घात होतो तो आज ३३, परवा ३७ अशा झोक्यानं. सुधारणाही दमानंच करायची, दिवसाला १ ते दीड पीपीटीच्या वर नको. समजा २०० लिटरच्या टाकीत खारटपणा ३९ वर गेलाय. तो ३५ वर आणायला साधारण २० लिटर खारं पाणी काढून तेवढंच शुद्ध पाणी घालावं लागतं. ते रोज ७ लिटर असं तीन दिवसांत करा. उलट खारटपणा कमी असेल तर उडालेल्या पाण्याच्या जागी काही दिवस साध्या पाण्याऐवजी टाकीसाठीच्या समुद्री मिठाचं (स्वयंपाकघरातल्या नव्हे) पाणी घाला. कोरडं मीठ टाकीत कधीच टाकू नका. कोरलवर पडलेला एक खडासुद्धा तिथली ऊती जाळतो.

तिसरी पायरी: वरून घालायचं पाणी

पुण्यात माझा पहिला संशय नेहमी याच पाण्यावर असतो. "आमच्या आरओचं पाणी एकदम गोड लागतं" असं लोक सांगतात आणि मुद्दा नेमका तिथेच असतो. गोड लागावं म्हणून घरगुती प्युरिफायरमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो. तो मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. वर मिनरल कार्ट्रिज असतं आणि हल्ली कित्येक मॉडेलमध्ये तांब्याचंही. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपल्याला मानवत असेल, पण कोरल, शिंपले, गोगलगाय, कोळंबी अशा बिनकण्याच्या सगळ्या प्राण्यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं. तुमच्या प्युरिफायरवर ‘कॉपर’ असा शब्द असेल आणि तेच पाणी टाकीत जात असेल, तर तपासणी इथेच थांबवून आधी ते बंद करा.

हिशोब करून बघा. २०० लिटरच्या टाकीवर पंखा चालू असेल तर उन्हाळ्यात रोज ३ लिटर पाणी सहज उडतं. महिन्याला झाले ९० लिटर, म्हणजे जवळपास अर्धी टाकी. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. त्यात जे काही विरघळलेलं होतं ते सगळं टाकीत राहतं आणि महिनोन्महिने साठत जातं. नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेट, तांबं, जे असेल ते.

खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं कमी क्षारांचं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी मात्र बहुधा जड असतं, आणि शहराच्या कडेच्या कित्येक सोसायट्यांमध्ये हे सगळं एकाच टाकीत मिसळून वर चढतं. त्यामुळे तुमच्या नळाला आज काय येतंय हे उद्याला लागू होईलच असं नाही. एक साधा टीडीएस पेन घ्या आणि तीन ठिकाणी मोजा: नळाला, मेम्ब्रेननंतर आणि प्रत्यक्ष टाकीत घालता त्या बादलीत. शेवटचा आकडा शून्य हवा. त्यासाठी मेम्ब्रेननंतर टीडीएस कंट्रोलर आणि सगळी चवीची कार्ट्रिज वगळून वेगळी नळी काढायची आणि तिला डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडायचा. प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्याला नीट समजावून सांगितलं तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. "साहेब, मग चव लागणार नाही" असं तो म्हणेल. चव नकोच आहे म्हणून सांगा. पेनावर आकडा शून्यावरून हलायला लागला की रेझिन बदला. पाणी साठवायला खाद्यपदार्थांना चालतील असे झाकणाचे डबे घ्या. बोहरी आळीत हव्या त्या मापाचे मिळतात. फिनेलची जुनी बादली कितीही धुतली तरी वापरू नका.

सुट्टीत अलिबाग-मुरूडहून समुद्राचं पाणी आणायची कल्पना कुणाला तरी दरवर्षी सुचते. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी असतं. ते राहू द्या.

चौथी पायरी: तापमान

सॉफ्ट कोरलना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. २९ च्या वर दिवसचे दिवस गेले की त्यांच्या ऊतीत राहून प्रकाशावर अन्न तयार करणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकली जातात आणि कोरल फिकट, मग पांढरं पडतं. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. ऊती शाबूत असेल तर काही आठवड्यांत रंग परत येऊ शकतो, पण ते उपाशी असतं हे लक्षात ठेवा.

इथे पुण्याची हवा आधी आपल्या बाजूनं असते. एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते की पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारलेला साधा पंखा तापमान २ ते ३ अंशांनी सहज उतरवतो. अडचण मेअखेरीस येते. ढग जमतात, हवा दमट होते, गरमी तशीच असते आणि पंखा फिरत असूनही पाणी थंड होत नाही. त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावला तर दमटपणा वाढून पंख्याचा उपयोग आणखी घटतो. हे पंधरा-वीस दिवस चिलरशिवाय काढायचे असतील तर दिव्यांची वेळ रात्री ढकला, टाकीवरची काच काढून जाळी लावा आणि दुपारी खोलीला पडदे ठेवा. अगदीच गळ्याशी आलं तर शुद्ध पाण्याच्या बंद बाटल्या गोठवून सम्पमध्ये (गाळणीसाठीच्या खालच्या टाकीत) तरंगत सोडा, एका वेळी एकच. तासाभरात १ अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका.

गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको. चार-पाच तास सॉफ्ट कोरल काढतात, पाणी मात्र हलतं राहिलं पाहिजे. इन्व्हर्टरवर सगळी टाकी चालवायचा अट्टहास करू नका, एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा छोटा पंप) पुरतो. तेही नसेल तर बॅटरीचा एअर पंप ठेवा. हिवाळ्यात पहाटे खोली गारठते तेव्हा लिटरमागे साधारण १ वॉट या हिशोबाचा हीटर लागतो, आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट हवाच. स्वस्त हीटर चालू अवस्थेतच अडकतात.

पाचवी पायरी: बाकीच्या चाचण्या

अमोनिया शून्य हवा. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ ते ९ डीकेएच, म्हणजे तिच्या मापाचे अंश, ठेवा. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० पीपीएम. निव्वळ सॉफ्ट कोरलच्या टाकीत शेवटची दोन बहुतेक वेळा पाणी बदलण्यातूनच सांभाळली जातात, त्यांच्या मागे फार लागू नका.

अल्कलिनिटी कमी निघाली तर महागडी बाटली लागत नाही. वाण्याकडचा खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की सुमारे १ डीकेएच वाढते. शुद्ध पाण्यात विरघळवून, पंपासमोर, हळूहळू ओता. दिवसाला १ डीकेएचच्या वर जाऊ नका. पापडखार आणि बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे, एवढं घरच्यांनाही सांगून ठेवा.

नायट्रेट आणि फॉस्फेटबद्दल मात्र माझं मत बाजारातल्या सल्ल्याच्या उलट आहे. सॉफ्ट कोरलना चकचकीत, निर्जंतुक पाणी आवडत नाही. नायट्रेट ५ ते २० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असताना ती उत्तम फुलतात. दोन्ही शून्य दाखवत असतील, मश्रूम कोरल आक्रसत असतील, झेनिया हे सॉफ्ट कोरल विरळ होत असेल आणि रंग उडत असतील, तर ती उपाशी आहेत. फॉस्फेट काढणारं माध्यम बंद करा, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) थोडा कमी चालवा, माशांना जरा सढळ हातानं खायला घाला. आकडे वर गेले असतील तर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलत महिनाभरात खाली आणा. फॉस्फेट दोन दिवसांत ओढून काढलं तर लेदर आणखी मिटतं. आणि किटची मुदत बघा. उन्हाळाभर तापलेल्या कपाटात पडून राहिलेल्या रसायनावर फार विसंबू नये.

सहावी पायरी: दिवा आणि प्रवाह

कोरल स्वतःच सांगतं. देठ लांबवून दिव्याकडे ताणलेलं, तपकिरी पडलेलं लेदर प्रकाश मागतंय. मश्रूम कडा वर वळवून आक्रसलेलं असेल तर त्याला प्रकाश जास्त होतोय. दगड सोडून तरंगत निघालेलं मश्रूम बहुधा प्रवाहाला किंवा प्रकाशाला कंटाळलेलं असतं. त्याला तळाशी, सावलीत, खडीच्या वाटीत ठेवा, ते आपणहून चिकटेल. लेदर, सिन्युलेरिया आणि झोआंना (चटईसारखे पसरणारे छोटे पॉलिप) मध्यम प्रकाश आणि दिशा बदलणारा चांगला प्रवाह लागतो. पंपाची धार सरळ अंगावर मात्र कुणालाच नको, तिनं ऊती फाटते. नवा एलईडी आणला असेल आणि सगळी कोरल आठवड्याभरात फिकट झाली असतील तर कारण शोधत बसू नका. दिवा ३०-४० टक्क्यांवर आणा आणि दर आठवड्याला पाचेक टक्क्यांनी चढवा. दिवसाला ८ ते १० तास पुरेत.

सातवी पायरी: घरातली हवा

पाणी, तापमान, दिवा सगळं ठीक आणि तरी सगळी एकदम मिटली, तर काल घरात काय फवारलं ते आठवा. डासांची कॉइल, भिंतीत खोचायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल: यांतल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात आणि ती जलचरांना फार विषारी असतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत सोसायटीत धूर फवारणी होते तेव्हाही तेच. स्किमर आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात, म्हणून फवारणीआधी खिडक्या लावा, टाकी प्लॅस्टिकनं झाका, स्किमर आणि एअर पंप बंद करा, वेव्हमेकर चालू ठेवा. नंतर खोली हवेशीर करून मगच त्यांना सुरू करा. दिवाळीआधी घराला रंग काढताना हीच काळजी.

असं काही पाण्यात गेल्याची शंका असेल तर लगेच २५ टक्के पाणी बदला आणि नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा. गंजलेला स्क्रू, फुटलेलं चुंबक, पितळी जोड टाकीत कुठे आहे का तेही चाचपा. माशांना व्हाइट स्पॉट या रोगासाठी तांब्याचं औषध याच टाकीत दिलं असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

एकच कोरल मिटलं असेल तेव्हा

आधी शेजारी बघा. लेदर आणि सिन्युलेरिया टर्पीन जातीची रसायनं पाण्यात सोडून जवळच्यांची वाढ खुंटवतात. दोघांत हातभर अंतर ठेवा आणि कार्बन दर तीन-चार आठवड्यांनी बदला. मग मासे बघा: ड्वार्फ एंजल आणि बटरफ्लाय कोरल टोचतात, आणि क्लाउनफिश ॲनेमोन नसला की लेदरलाच घर मानून दिवसभर त्यात लोळतो. शेवटी रात्री, दिवे गेल्यावर तासाभरानं, लाल उजेडाची बॅटरी घेऊन बसा. मिटलेल्या झोआंवर बारीक, त्यांच्याच रंगाच्या झालरीच्या अळ्या दिसल्या तर ते न्यूडीब्रँक, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी. चक्राकार शंखाची सनडायल गोगलगायही झोआ खाते. सडक्या भागावर दिसणाऱ्या ब्रिसल वर्मला मात्र उगाच गुन्हेगार ठरवू नका, तो बहुधा मेलेलं साफ करायला आलेला असतो.

कीड दिसली तर कोरल डिपनं (कीड काढायच्या तयार द्रावणानं) धुवा, त्यावर छापलेल्या मात्रेनं आणि वेळेनं. डिपसाठी टाकीचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या, नंतर दुसऱ्या भांड्यात खळबळून घ्या आणि दोन्ही पाणी फेकून द्या. अंडी डिपनं मरत नाहीत. ती चिमट्यानं काढा आणि आठवड्याच्या अंतरानं डिप दोन-तीनदा पुन्हा करा.

कापायचं कसं, आणि झोआंचं विष

आधी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल. झोआ आणि विशेषतः त्यांच्याच जातकुळीतल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं आणि त्याला उतारा नाही. असा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्यानं धुऊ नका, कोरडा घासू नका; त्या वाफेनं आणि तुषारांनी माणसं रुग्णालयात दाखल झाली आहेत. हाताला चीर असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी. काम करताना तोंडात कडू-धातूसारखी चव आली, श्वास लागला किंवा हातपाय बधिर झाले तर थेट रुग्णालय गाठा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द डॉक्टरांना लिहूनच द्या.

सडलेलं लेदर दगडासकट टाकीच्या पाण्याच्या बादलीत काढा. नव्या ब्लेडनं सडक्या कडेच्या सेंटिमीटरभर आत, निरोगी भागातून कापा. अर्धवट सडका तुकडा जिवावर येतं म्हणून ठेवू नका. उरलेला भाग डिप करून, खळबळून, मध्यम प्रवाहात ठेवा. लेदरला चिकट स्राव असल्यामुळे सुपरग्लू टिकत नाही. दगडावर ठेवून वरून मच्छरदाणीसारखी जाळी रबरबँडनं सैल बांधा, दोन-तीन आठवड्यांत ते धरतं. झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिपला जेल ग्लू चालतो. नवा कार्बन लावा, दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा, गरज वाटली तर १५ टक्के पाणी बदला.

झेनिया वितळायला लागलं तर कापण्यात अर्थ नसतो, ते तासातासाला खचतं. जे घट्ट आहेत असे दोन-चार देठ वेगळ्या दगडावर हलवा आणि बाकीचं नळीनं ओढून घ्या. पुष्कळदा त्याच जागी उरलेल्या ठिपक्यातून ते पुन्हा उगवतं.

बरं होण्याचा अंदाज असा: कापलेलं लेदर आठ-दहा दिवसांत जखम मिटवतं आणि पॉलिप यायला महिना लागू शकतो, फिकट पडलेल्याला त्याहून जास्त. या काळात पाण्याचे आकडे, तापमान आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहा, आणि दोन बदलांत किमान आठवडा जाऊ द्या. रिकामी झालेली जागा भरायची असेल तर ओळखीच्या टाकीत वाढलेला फ्रॅग (कोरलचा कापलेला तुकडा) घ्या, तो पुण्याच्या पाण्याला आणि दिव्यांना सरावलेला असतो. दुकानातून घेताना बिल मागा. मालवणला डुबकी मारताना दिसलेला तुकडा किंवा दगड खिशात घालू नका: दगडी प्रवाळ आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि पाण्याखाली मऊ कोणतं आणि दगडी कोणतं हे पटकन ओळखता येत नाही.